न्याहारीचा पेला आणि कळण्याची भाकरी

मध्य रेल्वेच्या मनमाड-भुसावळ मार्गावरील पाचोरा हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तालुका मुख्यतः कपाशीचा. तथापि गिरणेच्या काठाने आणि जेथे जेथे विहिरीस पाणी आहे तेथे केळी, मोसंबी आणि लिंबाच्या बागाही आहेत. अशा या फळांच्या मुलुखात सकाळी स्थानकाबाहेर उभे राहिले, तर बहुतेकांच्या हातात चहाचा पेला आणि खारी किंवा टोस्ट दिसतो. शेतावर निघालेल्या माणसाच्या फडक्यात भाकरी असते, ती नऊ-दहाच्या सुमारास बांधावर बसून सोडली जाते. कचेरीत, शाळेत किंवा दुकानात जाणाऱ्यांची न्याहारी मात्र चहाच्या घोटाबरोबरच आटोपलेली असते.

गेल्या काही वर्षांत या चित्रात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. फळे, कच्च्या भाज्या, दूध किंवा दही मिक्सरमध्ये एकत्र घुसळून केलेले दाट पेय, ज्यास शहरांत ‘स्मूदी’ म्हणतात, ते तालुक्याच्या गावांतील घरांतूनही होऊ लागले आहे. मोबाईलवर त्याच्या कृती पाहावयास मिळतात आणि त्याबरोबर वजन उतरते, रक्त वाढते, त्वचा उजळते अशी आश्वासनेही मिळतात. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायतीचे सदस्य यांच्याकडे लोक विश्वासाने विचारणा करतात, की हा पेला सकाळची न्याहारी म्हणून घ्यावा काय? या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही, कारण पेला कशाच्या ऐवजी घ्यावयाचा, यावर ते अवलंबून आहे. चहा-खारीऐवजी घेतला तर त्यात नफा आहे. भाकरीऐवजी घेतला तर त्यात तोटा आहे. हे कसे, ते पुढे पाहू.

पेल्यात काय असते

वास्तविक ही कल्पना मराठी घरास अगदीच नवी नाही. पिकलेले केळे दुधात कुस्करून केलेले शिकरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते. फरक इतकाच, की शिकरण पोळीबरोबर खावयाचे असते आणि त्यातील केळ्याच्या फोडी दाताखाली येतात. नव्या पेल्यात पोळीही नाही आणि फोडीही नाहीत.

जळगाव जिल्ह्यात केळीची टंचाई नाही. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील माल देशभर जातो. म्हणून आपल्याकडील पेला प्रायः केळ्याचाच असतो, आणि हिशोबही त्याचाच करणे योग्य. दोन मध्यम केळी, एक पेला गाईचे दूध आणि दोन चमचे साखर असे मिश्रण धरले, तर त्यातून सुमारे ४०० उष्मांक मिळतात. प्रथिने मात्र जेमतेम ९ ग्रॅम मिळतात आणि त्यांतील बहुतेक दुधातून येतात. शंभर ग्रॅम केळ्यात प्रथिने एक ग्रॅमहून थोडी अधिक असतात. लोह एक मिलिग्रॅमच्या आसपास. केळ्यातील पोटॅशियम आणि दुधातील कॅल्शियम ही या पेल्याची जमेची बाजू होय.

आता याच्या शेजारी खानदेशची जुनी न्याहारी ठेवू. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद मीठ घालून एकत्र दळतात, त्या पिठास कळणा म्हणतात. चार वाटे ज्वारीस एक वाटा उडीद हे घरोघरी आढळणारे एक प्रमाण. कोणी उडीद थोडे अधिक घेतात. थंडीत दादर ज्वारीच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा आणि वर शेंगदाण्याचे तेल, असा हा बेत असतो. शंभर ग्रॅम कळण्याची भाकरी खाल्ली तर उष्मांक मिळतात साधारण ३५०, म्हणजे वरील पेल्याहून थोडे कमीच. परंतु प्रथिने १२ ते १३ ग्रॅम मिळतात, लोह चार मिलिग्रॅमच्या घरात आणि चोथा केळ्याच्या पेल्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा जो घटक कमी असतो तो उडदात भरपूर असतो, आणि उडदात जो कमी असतो तो ज्वारी पुरविते. कोणत्याही प्रयोगशाळेच्या साहाय्याशिवाय खानदेशच्या बायकांनी जात्यावर हा मेळ घातला. प्रस्तुत लेखक शास्त्र शाखेचा नाही, तरीही एवढे म्हणण्यास हरकत नसावी, की आहारशास्त्राच्या पुस्तकात धडा म्हणून घालावा असा हा पदार्थ आहे.

चहा-खारीचे काय? खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप, चहा म्हणजे साखर आणि थोडे दूध. प्रथिने नाममात्र, चोथा जवळजवळ नाही. याशिवाय चहातील टॅनिन हे द्रव्य धान्य व भाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करते. या न्याहारीच्या तुलनेत केळ्याचा पेला सरस ठरतो, आणि ज्याची सकाळ आज खारीवर निघते त्याने तो अवश्य घ्यावा. खानदेशी गावात खरी स्पर्धा पेला आणि खारी यांची आहे. भाकरी या दोघांच्याही पुढे आहे. दुर्दैवाने नोकरदार घरांत सकाळच्या ताटातून सर्वांत आधी नाहीशी झाली ती तीच.

चावणे आणि पिणे

फळ मिक्सरमध्ये घातले म्हणून त्यातील चोथा नाहीसा होत नाही. तो गाळून काढला तर जातो. सबब, गाळलेला रस आणि न गाळलेले दाट पेय यांत भेद केला पाहिजे. रसाची बाजू स्पष्टच लंगडी आहे. दाट पेयाच्या बाबतीत प्रश्न थोडा सूक्ष्म आहे.

या प्रश्नावरील एक गाजलेला प्रयोग १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये झाला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत देण्यात आले. एकदा अखंड फळ, एकदा त्याचा लगदा, एकदा गाळलेला रस. तिन्हींतील पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांचे प्रमाण सारखेच, ६० ग्रॅम. अखंड फळ खाण्यास जेवढा वेळ लागला त्याच्या अकराव्या हिश्शात रस संपला. पुढे तिन्ही पदार्थ सारख्याच वेळात संपवावयास लावले, तरी फळाने पोट भरल्यासारखे अधिक वाटले, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी. रक्तातील साखर तिन्ही वेळा जवळजवळ सारखीच चढली. परंतु रस प्याल्यानंतर ती झपाट्याने खाली घसरली, लगद्यानंतर थोडी घसरली आणि अखंड फळानंतर तशी घसरण दिसली नाही. सकाळी आठ वाजता गोड पेला पिऊन निघालेल्या माणसास दहा वाजताच भूक का लागते, याचा काही उलगडा येथे होतो.

निष्पक्षपातीपणाने हेही सांगावयास हवे, की अलीकडील काही छोट्या प्रयोगांत, ज्या फळांच्या बारीक बिया मिक्सरमध्ये दळल्या जातात त्यांच्या बाबतीत, घुसळलेल्या फळाने साखर अखंड फळापेक्षा अधिक चढली नाही, किंबहुना थोडी कमी चढली. म्हणून मिक्सर हा काही खलनायक नव्हे. खरी अडचण प्रमाणाची आहे. एका बैठकीत तीन केळी चावून खाणारा माणूस विरळा. पेल्यातून तीन केळी, एक आंबा आणि मध सहज खाली उतरतो, आणि पिणाऱ्यास आपण हलका आहार घेतला असे वाटते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने फळांचे रस आणि अशी पेये मिळून दिवसास १५० मिलिलिटरची मर्यादा सुचविली आहे. आपला मोठा पेला त्याच्या दुप्पट भरतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे त्यांत म्हटले आहे. फळांचा रस पिण्याऐवजी फळ खावे, असाही सल्ला आहे. यातील प्रमाणाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. भाज्या फळांच्या चौपट. आपल्या घरगुती पेल्यात हे प्रमाण नेमके उलटे होते, कारण भाजी वाढली की चव बिघडते आणि चव सुधारण्यासाठी पुन्हा केळे किंवा साखर वाढते.

कच्च्या भाज्यांविषयी काही सावधगिरी

येथे जरा थांबून सांगणे अवश्य आहे, कारण हा प्रश्न केवळ नफ्या-तोट्याचा राहिलेला नाही.

दुधी भोपळ्याचा कच्चा रस सकाळी अनशेपोटी घेण्याची प्रथा मोठ्या शहरांतील फिरावयास जाणाऱ्यांमधून लहान गावांपर्यंत आली आहे. दुधी, काकडी, दोडका यांच्या वर्गातील वेलींत कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात. एरवी त्यांचे प्रमाण नगण्य असते; क्वचित एखाद्या फळात ते धोक्याच्या पातळीस जाते आणि ते फळ कडू लागते. अशा कडू रसाने उलट्या, पोटात तीव्र कळा, रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकाएकी घसरणे असे प्रकार होऊन देशात माणसे दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याची चौकशी केली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिची शिफारस साधी आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा. रस कडू असेल तर पिऊ नये. आणि प्याल्यावर अस्वस्थ वाटल्यास विनाविलंब रुग्णालयात जावे. मिश्र पेयाचा विशेष धोका असा, की केळे, मध आणि आले यांच्या चवीखाली कडवटपणा झाकला जातो. औषध कडूच असते, या समजुतीने कित्येक जण नाक दाबून पेला रिकामा करतात. ग्रामसभेत किंवा बचतगटाच्या बैठकीत या लेखातील एकच गोष्ट सांगावयाची असेल, तर ती ही सांगावी.

पालकाचे प्रकरण निराळे आहे. पालकात ऑक्झॅलेट पुष्कळ असते. ते त्याच पानांतील कॅल्शियमास बांधून ठेवते. यास्तव पालकाच्या हिरव्या पेल्याने रक्त वाढेल, हाडे बळकट होतील, अशी आशा फारशी फलद्रूप होत नाही. ज्यांना मूतखड्याचा त्रास झालेला आहे त्यांना तर हे द्रव्य अहितकारक. २०१८ मध्ये अमेरिकेतील मूत्रपिंडविषयक एका नियतकालिकात ६५ वर्षांच्या स्त्रीची हकीकत नोंदविली गेली. शरीरशुद्धीसाठी तिने पालेभाज्यांची अशी पेये घेतली आणि तिचे मूत्रपिंड निकामी झाले. तिच्या जठरावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. सामान्य माणसास एखाद्या पेल्याने असे होणार नाही. परंतु खानदेशचा उन्हाळा कडक, अंगातील पाणी घामावाटे जाते, मूतखड्यास असे हवामान पोषकच. पालक खावयाचा असेल तर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून, डाळीबरोबर शिजवून खावा. आपल्या घरांतील डाळ-पालकाची भाजी हेच काम करते.

मधुमेही व्यक्तींनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी केळ्याचा पेला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये. पहिल्यांना साखरेमुळे, दुसऱ्यांना पोटॅशियममुळे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले, तेव्हा ही सूचना थोड्या लोकांपुरती नाही.

फळे व भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुवाव्यात, घुसळलेले पेय लगेच प्यावे आणि बाहेरचा बर्फ त्यात घालू नये. चैत्र-वैशाखात दुधात घुसळलेले केळे डब्यात भरून शेतावर किंवा शाळेत नेणे तर सर्वथा टाळावे.

पेला घ्यावयाचाच असेल तर

ज्या घरात सकाळी चूल पेटवून भाकरी थापण्यास खरोखरच वेळ नाही, त्या घराने पेल्यास न्याहारीचे रूप द्यावे. ते अवघड नाही. केळे एकच घ्यावे. दुधाऐवजी वाटीभर घरचे दही, त्यात दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट आणि तितकेच फुटाण्याचे पीठ घालावे. साखर घालू नये. पिकलेल्या केळ्याची गोडी पुरे होते. या पेल्यातील प्रथिने १५ ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे साखर घातलेल्या केळ्या-दुधाहून कितीतरी अधिक. मिक्सर नसला किंवा वीज गेली तरी रवीने काम भागते, आणि केळ्याचे चार तुकडे तसेच राहिले तर ते चावावे लागतात, हाही फायदाच. फळ बदलावयाचे असल्यास पपई चालेल. पेरू मात्र मिक्सरमध्ये घालण्याचे कारण दिसत नाही. तो मीठ लावून खाण्यासाठीच आहे.

पेरूचा विषय निघालाच आहे, तर त्याचे खरे स्थान भाकरीच्या शेजारी आहे, हे येथे सांगितले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे आढळले. आपले बहुसंख्य लोक लोह मिळवितात ते धान्य, डाळी व भाज्यांतून, आणि हे लोह शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण कमी असते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले म्हणजे हे प्रमाण वाढते. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू संत्र्या-मोसंबीच्या कितीतरी पुढे आहे. आवळा आहे, लिंबू आहे, थंडीत जळगावची मेहरूणची बोरे आहेत. कळण्याची भाकरी आणि तिच्याबरोबर अर्धा पेरू किंवा लिंबाची फोड, आणि चहा तासाभराने, हा बेत रक्तक्षयाच्या दृष्टीने हिरव्या पेल्याहून अधिक उपयोगाचा आहे. तो स्वस्तही आहे. लोहाच्या गोळ्या ज्यांना दिल्या आहेत त्यांनी त्या मात्र चालूच ठेवाव्यात. आहार हा त्यांचा पर्याय नव्हे.

शाळांच्या संदर्भात एक मुद्दा शिक्षकांच्या परिचयाचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या विद्यार्थ्यास केळे देण्याचे ठरविले होते. केळे मुलांना आवडते, ते सोलून खाता येते, त्यास शिजवावे लागत नाही. परंतु एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि केळ्यात एक ग्रॅमभर, हा फरक केळ्याने भरून निघत नाही. अंडे न खाणाऱ्या मुलास केळ्याबरोबर मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे मिळाले तर तो बराचसा भरून निघतो. ज्या गावात लोकसहभागातून शाळेस पूरक आहार दिला जातो तेथे पंचायतीने याचा विचार करावा. त्याचप्रमाणे प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी येणारी, पहिल्या तासास पेंगणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात. त्यांना घरी काय खाऊन आलास, असे एकांतात विचारले तर ‘चहा’ हे उत्तर फार वेळा येते. पालकांच्या सभेत स्मूदीच्या गुणदोषांपेक्षा या उत्तराविषयी बोलणे अधिक निकडीचे आहे.

फळे विकत घेणे प्रत्येक घरास परवडत नाही, हेही खरे. राज्यात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली, त्यातून शेताच्या बांधापर्यंत फळझाडे पोहोचली. बोर, आवळा, पेरू, सीताफळ ही कमी पाण्यावर येणारी झाडे कोरडवाहू गावांस त्यातूनच परिचित झाली. शाळेच्या आवारात, अंगणवाडीच्या कुंपणालगत किंवा पंचायतीच्या विहिरीजवळ दोन पेरू, एक लिंबू आणि एक शेवगा यांना जागा सापडू नये असे गाव क्वचितच असेल. शेवग्याचा पाला भाकरीच्या पिठात मळता येतो आणि त्यात पालकाइतके ऑक्झॅलेट नसते. पेरूचे कलम लावल्यापासून साधारणपणे तिसऱ्या वर्षी धरू लागते. तोवर बाजारातून लिंबे आणून सकाळच्या भाकरीवर पिळण्यास कोणाची हरकत नसावी.